दाराशी पाठमोरे

दैफल्लाने चघळायच्या पाल्याच्या जुडीतली कोवळी फांदी उचलली, चार पानं खुडून गालातल्या गोळ्यात सरकवली, आणि तेवढ्यात मांडवातले पाण्याचे सगळे पेले एकदम किणकिणले. आधी पायाखालची चटई हलली, मग पेले, आणि मग तो आवाज आला. मांडवाचं पश्चिमेकडचं कापड पोट फुगवावं तसं आत फुगलं आणि पुन्हा सैल पडलं. ऊद वाजवणाऱ्याने तारांवर हात ठेवला.

"डोंगरापलीकडून आहेर आला," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

असं काहीबाही बोलायची मारिबमध्ये आता सवयच झाली आहे. दोन-तीन जण हसलेही. पण ते हसणं अर्ध्यावरच राहिलं, कारण डफ थांबल्याचं सगळ्यांच्या एकाच वेळी ध्यानात आलं.

लग्न मुसअदच्या धाकट्या मुलीचं होतं. पुरुषांचा मांडव रस्त्यावर आणि बायकांची बैठक दोन गल्ल्या पलीकडे, लग्नासाठी भाड्याने घेतलेल्या घरात. दुपारची नमाज झाल्यापासून तिकडून जौहराचा डफ ऐकू येत होता. जौहरा लग्नात गाणारी. गावातल्या पुरुषांना नावाने ठाऊक असलेली बाई तेवढी एकच. चांगल्या घरातले लोक तिच्या हातचं पाणी पीत नाहीत, पण तिच्याशिवाय कुणाचं लग्नही लागत नाही. बाकीच्या बायका म्हणजे कुणाची आई, कुणाची बहीण. ज्याला मूलबाळ नाही त्याने काय म्हणावं, हा प्रश्नच असतो. दैफल्लाला मूल नव्हतं. तो चारचौघांत बायकोला 'घरची मंडळी' म्हणायचा, आणि ही एका माणसाची मंडळी ऐकून लोक गालातल्या गालात हसायचे.

हसायला त्यांना दुसरंही कारण होतं. दैफल्ला भित्रा होता. तो पाण्याचा टँकर चालवायचा. लढाई सुरू झाल्यापासून त्याने तीन गावं सोडली होती आणि प्रत्येक गावातून सगळ्यात आधी निघाला होता तोच. त्याचं नावच लोकांनी 'पहिली गाडी' पाडलं होतं. पहिली गाडी हलली की भांडी बांधायला घ्यावीत, असं म्हणायचे. बायकोही त्याची चेष्टा करायची. पण तीनही वेळा ती चकार शब्द न काढता टँकरमध्ये चढून बसली होती, आणि तीनही वेळा तोच बरोबर ठरला होता.

आता काय करायचं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. डोंगरापलीकडचे बंडखोर एक क्षेपणास्त्र टाकून थांबत नाहीत. पहिलं पडलं की माणसं मदतीला धावतात, घोळका जमतो, आणि मग त्या घोळक्यावर दुसरं येतं. कधी लगेच येतं, कधी चहा प्यायला वेळ मिळावा इतक्या उशिराने. म्हणून पहिला आवाज झाला की भिंतीच्या आडोशाला बसायचं आणि जिवाची कालवाकालव झाली तरी जागचं हलायचं नाही. हे त्याने स्वतः कितीजणांना दटावून सांगितलं होतं. दैफल्ला उठला, तोंडातला पाला थुंकला आणि अनवाणीच पळत सुटला.

धूर बायकांच्या घरामागून येत होता. मागे टायरचं दुकान होतं, ते उरलंच नव्हतं. घराची मागची भिंत आणि बाजूची खोली खाली बसली होती. पुढची भिंत आणि अंगणाचं लोखंडी दार मात्र शाबूत होतं, आणि दारामागून बायकांचा आक्रोश ऐकू येत होता. ओरडताहेत म्हणजे जिवंत आहेत, असं दैफल्ला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता.

दारापाशी वीस-पंचवीस पुरुष त्याच्याआधी पोचले होते. ते सगळे दाराकडे पाठ करून उभे होते. दारात मुसअद होता, हातातली काठी आडवी धरून.

"आत कुणी जायचं नाही," तो म्हणाला. "बायका उघड्या आहेत."

झालं होतं असं की आल्या आल्या सगळ्यांनी बुरखे काढून बाजूच्या खोलीत ठेवले होते. तसेच ठेवतात. ती खोली आता ढिगारा झाली होती. आत उरलेल्या बायका लग्नाच्या कपड्यांत होत्या, मोकळ्या केसांनी, उघड्या दंडांनी, आणि त्याच आतून ओरडत होत्या की येऊ नका, कुणी येऊ नका. पुरुषांपैकी कुणाची मान जरा वळली की ओरडा दुप्पट व्हायचा. दुरून ऐकणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. वाटू दे. दैफल्लाला त्या वेळी तो वेडेपणा वाटला नाही. त्यानेही येऊन पाठ फिरवली आणि इतरांबरोबर समोरच्या भिंतीकडे बघत उभा राहिला. त्याला पाठीमागचं दार दिसत नव्हतं आणि वरचं आकाश बघवत नव्हतं.

शेवटी एक तरुण बोलला, मुसअदचाच पुतण्या.

"काका, दुसरं येईल ना. मग काय कफनं घालून बाहेर काढायच्या?"

मुसअदची स्वतःची मुलगी आत होती. त्याने पुतण्याकडे पाहिलं, काठी भिंतीला टेकवली, खांद्यावरची शाल काढली आणि दारावरून आत फेकली.

"नवरीसाठी," तो आत ओरडला.

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. प्रत्येकाने आपली शाल काढली, डोक्याचं फडकं सोडलं, कुणी कोट काढला. पाठमोरेच मागे सरकत, खांद्यावरून एकेक कापड दारापलीकडे टाकू लागले. टाकताना कुणासाठी ते ओरडून सांगत होते. सालिहच्या आईला. यूनुसच्या बहिणीला. हमूदच्या आजीला, तिला चालता येत नाही, तिला धरून आणा. आतून बायका ज्याचं त्याचं घेत होत्या, भांडतही होत्या, आणि ते भांडण ऐकून बाहेर उभ्या असलेल्यांच्या जिवात जीव येत होता.

दैफल्लाने आपली शाल काढली. पिवळी, कोपऱ्यात रफू केलेली. ती त्याने खांद्यावरून मागे फेकली.

"घरच्या मंडळींना," तो ओरडला.

"कुणाच्या घरच्या?" आतून एका बाईने विचारलं.

"टँकरवाल्याच्या."

शेजारी उभा असलेला माणूस तेवढ्यातही हसला. मग आपण हसलो याची त्याला लाज वाटली असावी, कारण त्याने दैफल्लाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

दार उघडलं. बायका एकेक करून बाहेर येऊ लागल्या. वाकलेल्या, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पुरुषांच्या शालींत गुरफटलेल्या, खाली चमचमत्या चपला, काहींचे पाय अनवाणी, मेंदीचे. चेहरा कुणाचाच दिसत नव्हता आणि बघतही कुणी नव्हतं. पुरुष तिरक्या नजरेने कापड ओळखत होते. आपलं कापड दिसलं की हात धरायचा आणि पळायचं. हमूदच्या आजीला दोघांनी खाटेसारखं उचलून नेलं. म्हाताऱ्या मुसअदची शाल अजून आली नव्हती. नवरी सगळ्यात शेवटी निघते, असं कुणीतरी म्हणालं, पण म्हाताऱ्याला ते ऐकवलं नाही.

पिवळी शाल बाहेर आली आणि दैफल्लाने तिचं मनगट धरलं.

"चल," एवढंच तो म्हणाला.

टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा होता. सकाळी लग्नघरी पाणी पोचवून त्याने तो तिथेच लावला होता, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून. तो नेहमी तसाच लावायचा. पळताना तिने एकदा हात मागे ओढला आणि घराकडे वळून पाहिलं. तिला आतल्या बायकांची काळजी आहे, हे त्याला कळत होतं. तिचा स्वभावच तसा.

"नंतर," तो म्हणाला. "नंतर बघू. आधी चढ."

तळहात खरबरीत लागला, धुळीने असेल. त्याने तिला वर ढकललं, स्वतः चढला आणि टँकर काढला. पेट्रोलपंप गेला, शाळा गेली, वाळवंटाच्या रस्त्याला लागणारा चौक आला, आणि मागे दुसरं पडलं. टँकर उचलल्यासारखा झाला. दैफल्लाने एका हाताने तिचं डोकं खाली दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने गाडी सावरून कडेला थांबवली. आरशात लग्नघराची गल्ली दिसत नव्हती. नुसता तपकिरी धुराळा वर चढत होता.

खोटं कशाला सांगा, दैफल्लाला त्या क्षणी आनंद झाला. मागे माणसं मेली असतील हे त्याला कळत होतं, त्यांतल्या काहींच्या पंगतीला तो आत्ता बसला होता, आणि तरी त्याला हसू येत होतं. चौथ्यांदा, तो मनात म्हणाला. चौथ्यांदा तिला घेऊन बाहेर पडलो.

"बघ," तो म्हणाला. "लोक हसतात पहिल्या गाडीला."

तिने शाल आणखी पुढे ओढून घेतली.

"बोल ना. लागलं का कुठे?"

"दादा," शालीतून आवाज आला. "मी ती नाही."

आवाज घोगरा होता, भरदार. सगळं मारिब तो आवाज ओळखत होतं. जौहराने शाल चेहऱ्यावरून खाली घेतली नाही, पण दैफल्ला दाराकडे इतका सरकला की त्याची पाठ काचेला टेकली.

तिने सगळं खाली बघत सांगितलं. प्रत्येक कापड कुणाचं तरी नाव घेऊन आत येत होतं. तिच्यासाठी बाहेर कुणी नव्हतं. ती फुटलेला डफ घेऊन भिंतीशी बसली होती, उघड्या डोक्याने, कारण गाणाऱ्या बाईला कोण विचारणार. पिवळी शाल आली तेव्हा टँकरवाल्याची बायको ती अंगावर घेतच होती. मग तिचं लक्ष जौहराकडे गेलं. तिने शाल काढली, जौहराच्या डोक्यावर टाकली आणि हनुवटीखाली गाठ मारली.

"म्हणाली, तो बाहेरच उभा असेल. ही शाल दिसली की हात धरेल आणि पळत सुटेल, मागे वळून बघायचा नाही. म्हणाली, तू तोंडातून शब्द काढू नकोस, नाहीतर तो हात सोडेल."

"आणि ती?"

"म्हणाली, माझ्यासाठी येईल की अजून एखादी."

दैफल्लाने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. पुढे रस्ता रिकामा होता. आपली बायको आपल्याला किती ओळखते, हे त्याला आत्ता कळलं. तिने त्याच्या भित्रेपणाचा हिशेब धरला होता, आणि तो बरोबर निघाला होता. त्याला तिचा राग आला. इतका, की ती समोर असती तर त्याने तिला आयुष्यात पहिल्यांदा फटकावलं असतं. मग राग ओसरला आणि नुसती भीती उरली. दुसऱ्यानंतर तिसरं येत नाही असं कुणी सांगितलं होतं? एकदा आलंही होतं.

आजवर तो सोडलेल्या ठिकाणी कधी परत गेला नव्हता. टँकर वळवायला त्याला दोनदा मागेपुढे करावं लागलं.

दार राहिलं नव्हतं. पुढची भिंतही राहिली नव्हती. जिथे पुरुष उभे होते तिथे आता खड्डा होता, आणि त्याच्या कडेला जे काही होतं ते कुणीतरी मांडवाच्या कापडाने झाकत होतं. मुसअद रस्त्यावर बसला होता. त्याची दाढी, भुवया, ओठ सगळं धुळीने पांढरं झालं होतं आणि त्याची काठी कुठे दिसत नव्हती. नवरीची शाल आली नव्हती. जे पुरुष बचावले होते आणि जे मांडवातून नव्याने धावत आले होते, ते दहा-बारा जण तिथे उभे होते. आडपडदा म्हणावा असं तिथे काहीच उरलं नव्हतं, समोर नुसता विटांचा ढीग होता. तरीही ते सगळे त्या ढिगाकडे पाठ करूनच उभे होते.

जौहरा टँकरमधून उतरली. दैफल्ला तिला थांब म्हणाला.

"मी बाई आहे, मला आत जायला कुणाची परवानगी नको," ती म्हणाली. "पण हाक काय मारू? मला तिचं नाव ठाऊक नाही. विटांमध्ये तोंड घालून टँकरवाल्याच्या घरची म्हणून ओरडू?"

दैफल्लाने आजूबाजूला पाहिलं. दहा-बारा पाठी, आणि प्रत्येक पाठीला कान. हे नाव त्याने आठ वर्षांत घराच्या भिंतींबाहेर कधी उच्चारलं नव्हतं. त्याच्या बापाने त्याच्या आईचं घेतलं नव्हतं. आईचं नाव दैफल्लाला कळलं तेव्हा तिला पुरून झालं होतं. तो जौहराला हळूच सांगू शकला असता. ती त्यासाठी कान जवळही करत होती.

तो ढिगाकडे तोंड करून उभा राहिला.

"अफराह!"

कुणीतरी दचकून वळलं. आवाज चिरकला होता, धुळीने घसा भरला होता. त्याने पुन्हा हाक मारली, अधिक मोठ्याने, आणि मग थांबलाच नाही. आता मुसअद काहीतरी बोलेल, असं त्याला वाटत होतं. मुसअदने मान वर केली. त्याने दैफल्लाकडे पाहिलं. मग हात टेकत, गुडघ्यांवर जोर देत तो उठला, आणि विटांकडे वळला.

"बुशरा," तो म्हणाला. आधी घरात म्हणावं तसं. मग ओरडून, "बुशरा! बेटा!"

पुतण्या वळला. त्याने आईचं नाव घेतलं, नूरिया. मग दुसरा वळला, मग त्याच्या पलीकडचा. हयात. इल्हाम. सबाह. शेजारी राहणाऱ्या, एकाच मशिदीत जाणाऱ्या, वीस वर्षं एका चटईवर बसलेल्या माणसांना एकमेकांच्या बायका-मुलींची नावं त्या दिवशी पहिल्यांदा कळली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळे विटांकडे तोंड करून ओरडत होते, हातांनी विटा बाजूला टाकत होते, आणि नावं एकमेकांत मिसळून नुसता कल्लोळ झाला होता.

जौहरा ढिगावर चढली होती. एका जागी ती पालथी झाली, शाल मागे टाकली आणि विटांच्या फटीला कान लावला. तिचं डोकं उघडं पडलं तरी कुणी नजर वळवली नाही. तिने एक हात वर केला.

"गप्प बसा," ती म्हणाली, आणि तिच्या त्या आवाजाने सगळे गप्प झाले. "कुणीतरी ओ दिली."

"कुणी?" मुसअदने विचारलं.

"कळत नाही. तुम्ही सगळे एकदम ओरडता, तिने कुणाच्या हाकेला दिली कसं कळणार?" ती तशीच पडून राहिली, कान विटेवर. "एकेकाने हाक मारा. बाकीच्यांनी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही."

पश्चिमेकडे डोंगरावर ऊन उतरलं होतं. तिकडे कुणी पाहिलं नाही. प्रत्येकाला आपलं नाव आधी हवं होतं, आणि आपलं नाव आधी यायचीच भीतीही होती. मुसअदने बोटं तोंडाशी नेली, पुन्हा खाली घेतली. मग त्याने दैफल्लाच्या दंडाला धरून त्याला पुढे केलं.

"तू सुरुवात केलीस," तो म्हणाला. "आधी तू."

दैफल्ला दोन पावलं पुढे गेला आणि गुडघ्यांवर बसला. ओ आली तर बाकीच्या साऱ्यांची आशा तो घेऊन जाणार होता. नाही आली तर त्याची. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि बायकोचं नाव स्वच्छ, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं घेतलं, आणि दहा-बारा माणसं मान खाली घालून ऐकत राहिली.